विश्वास तुटतो तेव्हा

मुलांनो, तुम्ही तुमचं गुपित फक्त एकालाच सांगितलंत, अगदी जिवलग दोस्ताला! आणि मधल्या सुट्टीत पाहता तर काय, सगळा वर्ग तुमच्याकडे बघून हसतोय. नांदेड असो की लातूर, हे कुठल्याही शाळेत घडतं. परक्याने टोचलं तर राग येतो. पण आपल्याच माणसाने दगा दिला की आतून तुटल्यासारखं होतं. मग काय करायचं? कायमचा अबोला? की ‘जाऊ दे’ म्हणून गप्प बसायचं?

लक्ष्मीबाई टिळकांवर याहून मोठा प्रसंग आला होता. त्यांचे पती, कवी नारायण वामन टिळक, यांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत ख्रिस्ती धर्म स्वीकारला. टिळकांनी मनाला पटलं तेच केलं. पण पत्नीला विश्वासात न घेता! लक्ष्मीबाईंवर आभाळच कोसळलं. पदरी लहानगा दत्तू. त्या रडल्या, रागावल्या, काही वर्षं वेगळ्या राहिल्या. आपल्याला काही झालंच नाही, असं सोंग त्यांनी केलं नाही.

पण मनाचं दार त्यांनी कायमचं लावून घेतलं नाही. पुढे त्या टिळकांकडे परतल्या, त्याही आपल्या अटींवर. सोवळं-ओवळं सांभाळून, स्वतःचा स्वयंपाक वेगळा ठेवून. हळूहळू माणसामाणसांतला भेद त्यांनाच खोटा वाटू लागला आणि १९०० साली त्यांनी स्वतःच्या विचाराने बाप्तिस्मा घेतला. ही सारी हकिकत त्यांनी ‘स्मृतिचित्रे’त लिहिली आहे. दुःख लपवलं नाही आणि मनात कडवटपणाही ठेवला नाही. वाचताना चक्क हसू येतं!

त्यांनी स्वीकारलेल्या धर्मातही अशीच एक गोष्ट आहे. येशूला पकडलं, तेव्हा त्याचा जवळचा शिष्य पेत्र ‘मी याला ओळखत नाही’ असं तीनदा म्हणाला. पुढे सरोवराकाठी येशूने शिष्यांसाठी मासे भाजले, भाकरी दिली. मग पेत्राला तीनदाच विचारलं, ‘तुझं माझ्यावर प्रेम आहे का?’ झालेलं विसरून नव्हे, तर त्यालाच हात घालून येशूने पुन्हा नातं जोडलं.

म्हणून दोस्तांनो, क्षमा म्हणजे गप्प बसणं नव्हे. ‘तू असं वागलास, मला वाईट वाटलं,’ हे समोर बसून सांगा. वेळ लागला तर लागू द्या. विश्वास एका दिवसात परत येत नाही. मात्र कुणी मोठं माणूस त्रास देत असेल, तर ते गुपित अजिबात ठेवू नका. भरवशाच्या मोठ्यांना लगेच सांगा.

आणि आईबाबांनो, मूल असं काही सांगू लागलं, तर ‘एवढ्याशा गोष्टीवरून काय रडतोस?’ असं म्हणू नका. आधी ऐकून घ्या.

शेवटी एक अवघड प्रश्न. दगा देणारे आपणच असलो तर? मग पेत्रासारखं रडू येऊ द्या, पण पळून जाऊ नका. उद्या मधल्या सुट्टीत त्या दोस्ताजवळ जाऊन बसा.