पहिल्या नंबरचा पोरगा (भाग ९) : अ‍ॅलेक्स स्मिथचे पाच गुरू

क्वार्टरबॅक सॅम ब्रॅडफर्डच्या कराराचा हिशेब या आठवड्यात मांडायचं ठरलं होतं. तो आता पुढच्या आठवड्यात. गोंदियाहून आलेल्या एका पत्राने मला दुसरीकडे वळवलं, आणि या विषयावर लिहायला मी कित्येक दिवस निमित्तच शोधत होतो.

पत्रलेखक विचारतात, ‘डेव्हिड कारला पहिल्याच हंगामात ७६ वेळा पाडलं, कारण संघ नवा आणि पुढची फळी कच्ची, हे पटलं. पण फळी बरी असली आणि पोरगाही हुशार असला, तरी पहिल्या नंबरने उचललेला क्वार्टरबॅक वाया का जातो? आणि आपल्या भागात असं पारखून घडवायचं काम कुणी केलंय का?’

पहिल्या प्रश्नाचं उत्तर अ‍ॅलेक्स स्मिथ. अमेरिकन फुटबॉलच्या २००५च्या ड्राफ्टमध्ये पहिला नंबर सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनाइनर्सचा होता. समोर दोन पोरं होती, युटा विद्यापीठाचा स्मिथ आणि कॅलिफोर्नियाचा अ‍ॅरन रॉजर्स. रॉजर्स उत्तर कॅलिफोर्नियातलाच, लहानपणापासून याच संघाचा भक्त. संघाने स्मिथला घेतलं. रॉजर्स न्यूयॉर्कच्या त्या सभागृहात कोट-टाय घालून ताटकळत बसला. एकामागून एक संघ पुढे जात राहिले आणि शेवटी २४व्या नंबरवर ग्रीन बे पॅकर्सने त्याचं नाव घेतलं. इथपर्यंतची गोष्ट बऱ्याच जणांना ठाऊक असते, आणि तिचा अर्थ ‘फोर्टीनाइनर्सची निवड चुकली’ एवढाच लावून मोकळं होतात. मला तो अर्थ कधीच पटलेला नाही.

ड्राफ्टच्या दिवशी स्मिथ अजून एकवीसचाही नव्हता. त्याच हंगामात त्याला मैदानात उतरवलं. नऊ सामन्यांत त्याचा एक टचडाउन पास आणि ११ इंटरसेप्शन. नवख्या पोराकडून हे व्हायचंच, पेटन मॅनिंगचं पहिलं वर्ष आपण पाहिलंच आहे. घात झाला तो पुढे. आक्रमणाची सूत्रं सांभाळणारा प्रशिक्षक २००५ साली माइक मॅकार्थी होता. २००६मध्ये नॉर्व्ह टर्नर आला, २००७मध्ये जिम हॉस्लर, २००८मध्ये माइक मार्ट्झ, २००९मध्ये जिमी रे. पाच वर्षांत पाच माणसं. २००८चा हंगाम तर खांद्याच्या दुखापतीतच गेला.

प्रशिक्षक बदलला म्हणजे नेमकं काय बदलतं, हे जवळून पाहायला हवं. एक खेळी संपली की पुढच्या स्नॅपसाठी ४० सेकंद असतात. क्वार्टरबॅकच्या हेल्मेटमध्ये आवाज येतो, आणि घड्याळात १५ सेकंद उरले की तो बंद होतो. तेवढ्यात प्रशिक्षकाने सांगितलेली लांबलचक हाक त्याला सवंगड्यांना द्यायची असते, फळी लावायची असते, समोरचा बचाव वाचायचा असतो आणि गरज पडली तर सगळं बदलायचंही असतं. त्या हाकेतला एकेक शब्द कुणी कुठे पळायचं ते ठरवतो. नवा माणूस आला की तीच खेळी नव्या नावाने येते. मागे जायची पावलं तीनऐवजी पाच होतात. पहिली नजर डावीकडे टाकायची ती आता मधोमध टाकायची. पाचवं पाऊल टेकताक्षणी चेंडू सुटला पाहिजे, आणि ज्याच्याकडे तो जायचा आहे त्याने तेव्हा अजून मागे वळूनही पाहिलेलं नसतं. हे विचार करून जमत नाही, अंगात मुरावं लागतं. स्मिथच्या अंगात काही मुरायला लागलं की ते पुसून नवं लिहायची वेळ यायची. विचार करण्यात अर्धा सेकंद गेला की अंगावर माणूस येतो. चार वेळा आपटलं की नजर लांबच्या सवंगड्यांवरून उतरून धावून येणाऱ्यांवर खिळते. एकदा ती उतरली की परत वर नेणं फार कठीण.

आता ग्रीन बेकडे पाहू. रॉजर्स तीन वर्षं ब्रेट फार्व्हच्या मागे बाकावर होता. २००६मध्ये पॅकर्सचा नवा मुख्य प्रशिक्षक म्हणून आला तोच माइक मॅकार्थी. ज्या माणसाच्या हाताखाली स्मिथचं पहिलं वर्ष वाईट गेलं, त्याच माणसाच्या हाताखाली रॉजर्स घडला. मग दोष मॅकार्थीचा होता का? मला वाटतं, फरक वेळेचा होता. कॉलेजात रॉजर्स फेकण्याआधी चेंडू वर, पार कानाजवळ धरायचा. पॅकर्सने तो खाली आणवला. फेकीची सवय मोडून नवी बसवायची तर महिने लागतात आणि त्या काळात फेकी बिघडतात. दर रविवारी सत्तर हजार लोकांसमोर सामना जिंकायचा असेल तर हे शक्यच नाही. बाकावरच्या पोराला शक्य होतं. २००८मध्ये तो मैदानात आला तेव्हा पहिल्या वर्षी संघाने दहा सामने गमावले. तरी ना प्रशिक्षक बदलला, ना क्वार्टरबॅक. फेब्रुवारी २०११मध्ये त्यांनी पिट्सबर्गला हरवून सुपर बाउल जिंकला.

आणि स्मिथ संपला नव्हता, हे मला पुन्हा पुन्हा सांगावंसं वाटतं. २०११मध्ये जिम हार्बॉ आला, बाराखडीपासून शिकवायला बसला, आणि त्याच स्मिथने १६पैकी १३ सामने जिंकून दिले. पुढे तो कॅन्सस सिटीला गेला. २०१७मध्ये त्या संघाने दहाव्या नंबरवर पॅट्रिक महोम्सला घेतलं आणि एक सामना सोडला तर अख्खा हंगाम स्मिथच्या मागे बसवलं. आठवडाभराचा अभ्यास कसा करायचा, बचावाच्या फिती कशा पाहायच्या, हे महोम्सने पाहिलं ते ज्याला स्वतःला कधी बसून शिकायला मिळालं नाही त्याच्याकडे. पुढच्या वर्षी महोम्सचे ५० टचडाउन पास. त्या पन्नासांत स्मिथचाही वाटा आहे, असं मी मानतो.

क्लब ड्राफ्टच्या आधी पोराची उंची मोजतात, तळहात मोजतात, त्याच्या आईवडिलांना भेटतात. त्याला शिकवणारा माणूस तीन वर्षांनी आपल्याकडे असेल का, हा प्रश्न मात्र टेबलावर येत नाही.

आता दुसरा प्रश्न. अमेरिकन फुटबॉलच म्हणाल, तर २०१२च्या सुमारास इलाइट फुटबॉल लीगमध्ये पुणे मराठाज आणि मुंबई ग्लॅडिएटर्स असे संघ उभे राहिले होते. पण लहानपणापासून तो लांबोडका चेंडू फेकलेला एकही हात इथे नव्हता, आणि क्वार्टरबॅक तर बाराव्या वर्षीच सुरू व्हावा लागतो. खरं उत्तर आमच्या भिलाईत आहे, सेक्टर एकच्या पंत स्टेडियमजवळच्या बास्केटबॉल कोर्टवर.

इथले प्रशिक्षक राजेश पटेल सर २०१८मध्ये गेले. तोवर इथली मुलींची फौज त्यांनी घडवली होती. छत्तीसगड राज्य २००० साली झालं आणि त्यानंतर सब-ज्युनिअर, युथ, ज्युनिअर अशा गटांत या छोट्या राज्याच्या मुलींनी मोठमोठ्या राज्यांना पाणी पाजलं. आमच्या प्लांटचं गाव हे, सगळं पोलादाच्या नावाने ओळखलं जाणारं, पण देशभरातले बास्केटबॉलवाले भिलाई म्हटलं की मुलींचा संघ आठवतात. दूरच्या गावातल्या मुली यायच्या, इथेच राहायच्या, शिकायच्या, आणि पहिल्या दिवशी शिट्टी ज्याची ऐकली त्याचीच पाच-सहा वर्षांनीही ऐकायच्या. स्मिथला पाच वर्षांत जे मिळालं नाही ते हेच.

उंच मुलगी आली की काय करावं लागतं ते मी या कोर्टाच्या कडेला बसून पाहिलंय. बारा-तेराची, अजून वाढते आहे, गुडघे दुखतात, स्वतःच्या हातापायांचा अंदाज नाही. बास्केटखाली पास मिळाला की ती सवयीने चेंडू कमरेपर्यंत खाली आणते, मग उडी मारते. खाली आणला त्याच क्षणी तिच्या खांद्याला लागणारी एखादी चपळ पोरगी तो हिसकावून नेते. एवढी उंची असून उपयोग शून्य. मग रोज तेच. पास झेला, चेंडू हनुवटीखाली, कोपरं बाहेर, खाली आणायचा नाही म्हणजे नाही. रॉजर्सचा चेंडू खाली आणायला महिने गेले, या पोरींचा वर ठेवायला वर्षं जातात.

पूनम चतुर्वेदी उत्तर प्रदेशातून इथे आली. उंची जवळपास सात फूट, भारतातली सगळ्यात उंच महिला बास्केटबॉलपटू. मेंदूतल्या गाठीच्या आजाराशी झगडत ती खेळली आणि भारताकडून खेळली. तिच्या बाबतीत ‘अजून हवी तशी तयार झाली नाही’ असं बोलणारे लोक मला भेटतात तेव्हा मी चिडतो. सात फुटांच्या शरीराला शिस्त लावायला वेळ लागतो, निरोगी असलं तरी लागतो.

सतनामसिंग भामराचंच पाहा. बर्नाला जिल्ह्यातल्या बल्लो के गावचा, सात फूट दोन इंच. लुधियानाच्या अकादमीतून २०१०मध्ये फ्लोरिडाच्या आयएमजी अकादमीत गेला आणि २०१५च्या एनबीए ड्राफ्टमध्ये डॅलस मॅव्हरिक्सने ५२व्या नंबरवर त्याला घेतलं. ड्राफ्टमध्ये नाव आलेला पहिला भारतीय. वय १९, कॉलेजचा एकही सामना नाही. मॅव्हरिक्सच्या दुय्यम संघात, टेक्सस लेजंड्समध्ये दोन हंगाम काढले आणि तिथेच ते दार मिटलं. एनबीएचा एकही सामना त्याच्या वाट्याला आला नाही. त्याला चार वर्षं कॉलेजात खेळू दिलं असतं तर? मी पैज लावणार नाही, पण चूक सतनामच्या अंगात होती असं मला वाटत नाही.

एका बाबतीत मात्र भिलाई आणि अमेरिका यांच्यात मोठा फरक आहे. तिथे निवड फसली तर क्लबचे पैसे बुडतात, पोराच्या खात्यात काही कोटी तरी राहतात. इथे जोखीम घरच्यांची. मुलीचं दहावी-बारावीचं वर्ष, आईची काळजी, नातेवाइकांचे टोमणे. ती जोखीम भरून काढते ती रेल्वेची नोकरी. बिलासपूरच्या दक्षिण पूर्व मध्य रेल्वेत भिलाईच्या कितीतरी मुली खेळाडू कोट्यातून लागल्या. त्या एका नोकरीच्या भरवशावर बाप पोरीला कोर्टवर पाठवतो. पण ती नोकरी मिळते राष्ट्रीय आणि आंतरराष्ट्रीय स्पर्धांतल्या कामगिरीवर. म्हणजे चौदा वर्षांच्या उंच मुलीला यंदाच खेळवायचं आणि यंदाच पदक आणायचं, हा दबाव प्रशिक्षकावर असतोच. तिचा चेंडू वर ठेवायची सवय लावायला जे वर्ष द्यायला हवं, ते पदकाच्या घाईत जातं. इथे बाकावर बसवणं म्हणजे पोरीच्या नोकरीशी खेळणं, असं आईबापांना वाटतं, आणि त्यांचं काही चुकत नाही. यावर उपाय आहे. नोकरीच्या नियमांत ज्युनिअर गटाच्या पदकाला थोडं कमी आणि सीनिअर पातळीवर टिकून खेळण्याला थोडं जास्त वजन द्यावं. ज्यांच्या हातात आहे त्यांनी यावर बसून बोलावं, अशी माझी कळकळीची मागणी आहे.

गोंदियाच्या वाचकांनी आणखी एक विचारलं होतं, डावखुऱ्या क्वार्टरबॅकमुळे पुढच्या फळीत काय बदलावं लागतं. त्यासाठी स्टीव्ह यंगपर्यंत मागे जावं लागेल. पण आधी ब्रॅडफर्डचे ७ कोटी ८० लाख डॉलर, पुढच्या आठवड्यात.