रणात पडलेल्यांच्या शिळा

गावच्या वेशीपाशी किंवा भैरवनाथाच्या देवळामागे अर्धवट मातीत रुतलेली, शेंदराने माखलेली जी शिळा कुठलासा ग्रामदेव समजून आपण येताजाता हात जोडतो, ती पुष्कळदा देवाची नसून लढताना कामास आलेल्या एखाद्या माणसाचा वीरगळ असते.

वीरगळ वाचावयाचा तो खालून वर. तळच्या चौकटीत वीर गतप्राण होऊन पडलेला; शेजारी गाई कोरलेल्या असल्या, तर गावचे गोधन राखताना तो पडला असे समजावे. त्यावर युद्धाचा प्रसंग, त्याहून वर त्याला स्वर्गी नेणाऱ्या अप्सरा, आणि शेवटी शिवलिंगासमोर पूजेस बसलेला तोच वीर. माथ्यावर सूर्यचंद्र असतात. इनामाच्या सनदेत चंद्रसूर्य असेतोवरची मुदत घालीत, तशीच ही त्याच्या कीर्तीची मुदत. शेजारी कोपरात दुमडलेला, चुडा भरलेला हात कोरलेली शिळा उभी असल्यास ती सतीची. तिच्या वाट्याला बहुधा तेवढा हातच आला, हे पाहून मन खट्टू होते.

बोरिवलीजवळच्या एकसरचे वीरगळ मात्र दर्यावरच्या लढाईचे आहेत. वल्ह्यांच्या रांगा असलेली गलबते त्यांवर इतक्या बारकाईने कोरली आहेत की, सुमारे 1265 साली यादव महादेव आणि शिलाहार सोमेश्वर यांच्यात झालेल्या संग्रामाचीच ही स्मारके असावीत, असा अनेक अभ्यासकांचा तर्क आहे. तर्क म्हणावयाचे ते अशासाठी की, महाराष्ट्रातील बहुतेक वीरगळांवर अक्षर नाही. कर्नाटकात अशा शिळांवर लेख विपुल आढळतात. तेथील आतकूरच्या दहाव्या शतकातील शिळेवर तर रानडुकराशी झुंजताना मेलेल्या काळी नामक शिकारी कुत्र्याचेही नाव नोंदलेले आहे, आणि आमच्या साताऱ्याकडील किकलीच्या भैरवनाथापाशी ओळीने उभे असलेले वीर निनावीच राहिले!

तरीही या शिळांचा हेतू निष्फळ झाला असे मी म्हणणार नाही. मृताची ओळख सांगण्याहून, उद्या ज्यांना गुरांमागे धावावे लागणार त्या जिवंतांना स्वर्गाची हमी देणे, हेच त्यांचे मुख्य प्रयोजन असावे. आणि ती हमी चित्रातून निरक्षरालाही कळत होती.

आज यांतील कित्येक शिळा पायरीला किंवा धुणे आपटायला लागल्या आहेत, कित्येकांवर तैलरंगाची पुटे चढली आहेत. आपल्या गावी अशी शिळा असल्यास ती हलवू नये, रंगवू नये. तिचे छायाचित्र काढून, उंचीरुंदी मोजून जागेसह तिची माहिती पुरातत्त्व खात्यास कळवावी.