साथीत छप्पर टिकले, तरच ‘घरी राहा’ला अर्थ

मार्च २०२० मध्ये करोनावर लस नव्हती आणि खात्रीचे औषधही नव्हते. सर्वसामान्यांच्या हाती उपाय होता तो एकच, घरी राहण्याचा. सरकार, डॉक्टर, दूरचित्रवाणी सगळीकडून तोच सांगितला जात होता. पण रोजंदारी थांबलेल्या भाडेकरूसाठी हा उपाय महिनाअखेरपर्यंतच टिकणारा होता. १ तारखेला घरमालक दारात उभा राहिला की घरी राहायचे म्हणजे नेमके कुठे राहायचे, याचे उत्तर आरोग्य खात्याच्या कोणत्याही पत्रकात नव्हते.

भाडे, करार, अनामत रक्कम हे विषय सहसा अर्थकारणाच्या पानावर असतात. साथरोगांच्या अभ्यासकांनी मात्र गेल्या काही वर्षांत ते आरोग्याच्या पानावर आणले आहेत. भाडेकरूला साथीच्या काळात घराबाहेर काढल्यास त्याची किंमत तो एकटाच मोजत नाही, शहरही मोजते. त्याचा पुरावा आज उपलब्ध आहे.

घर सुटते, तेव्हा संसर्ग पसरतो

खोली सोडावी लागलेले कुटुंब हवेत विरून जात नाही. ते नातेवाइकांच्या घरी जाते, गाववाल्यांच्या खोलीत सामावते किंवा निवाऱ्याचा आसरा घेते. चार माणसांच्या खोलीत आठ होतात. श्वासावाटे पसरणाऱ्या आजाराला एवढे पुरते. एकाला ताप आला, तर त्याला वेगळे ठेवायला कोपराही उरत नाही. शिवाय घरासोबत ओळखीचा दवाखाना, रेशनचे दुकान आणि कामाचे ठिकाणही लांब जाते. सुरू असलेले उपचार तुटतात ते इथेच.

याची सर्वांत स्पष्ट चाचणी अमेरिकेत झाली, तीही ठरवून नव्हे. २०२० च्या पहिल्या लाटेत तिथल्या ४३ राज्यांनी आणि राजधानी वॉशिंग्टनने भाडेकरूंना घराबाहेर काढण्यास तात्पुरती बंदी घातली. त्यातील २७ राज्यांनी ती उन्हाळ्यात उठवली, बाकीच्यांनी कायम ठेवली. लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातील आणि अन्य संस्थांच्या संशोधकांनी दोन्ही गटांची तुलना केली. टाळेबंदी, मास्कसक्ती, चाचण्यांचे प्रमाण यांतील फरक हिशेबात घेऊनही बंदी उठवलेल्या राज्यांत रुग्ण आणि मृत्यू अधिक आढळले. सप्टेंबर २०२० च्या सुरुवातीपर्यंत बंदी उठवण्याशी निगडित जादा रुग्णांची संख्या सुमारे ४,३३,७०० आणि जादा मृत्यूंची संख्या सुमारे १०,७०० असल्याचा त्यांचा अंदाज ‘अमेरिकन जर्नल ऑफ एपिडेमिऑलॉजी’ या नियतकालिकात २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. असा अभ्यास कार्यकारणभाव शंभर टक्के सिद्ध करत नाही. पण दिशा स्पष्ट दाखवतो.

सप्टेंबर २०२० मध्ये ‘सीडीसी’ या अमेरिकेच्या रोगनियंत्रण संस्थेने देशव्यापी बंदी घातली. घरे रिकामी करून घेण्यावर बंदी घालणारा आदेश गृहनिर्माण खात्याने न काढता रोगनियंत्रण संस्थेने काढला, हेच त्याचे वेगळेपण. भाडे माफ झाले नव्हते, फक्त वसुलीसाठी घराबाहेर काढण्यास मनाई होती. थकलेल्या भाड्यासाठी तिथल्या संसदेने दोन टप्प्यांत ४६ अब्ज डॉलरहून अधिक मदत मंजूर केली. तिचे वाटप रेंगाळले आणि ऑगस्ट २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ‘सीडीसी’ला असा अधिकार नसल्याचे सांगून बंदी संपवली. वैद्यकीय तर्क पक्का असला तरी त्यामागे स्पष्ट कायदा हवा, हा त्याचा धडा.

आपल्याकडे काय झाले?

भारतातही प्रयत्न झाले. २९ मार्च २०२० रोजी केंद्रीय गृह मंत्रालयाने आपत्ती व्यवस्थापन कायद्याखाली आदेश काढला. कामगारांकडून एक महिन्याचे भाडे मागू नये आणि कामगार व विद्यार्थ्यांना खोली सोडायला लावणाऱ्या मालकांवर कारवाई होईल, असे त्यात म्हटले होते. १७ एप्रिलला महाराष्ट्राच्या गृहनिर्माण विभागाने भाडेवसुली किमान तीन महिने पुढे ढकलावी आणि भाडे थकले म्हणून कोणालाही घराबाहेर काढू नये, अशा सूचना घरमालकांना दिल्या.

हेतू योग्य होता, पण सूचनेला दात नव्हते. तक्रार कुठे करायची, किती दिवसांत निकाल लागेल, भाड्यावरच घर चालवणाऱ्या मालकाचे काय, याची व्यवस्था नव्हती. स्थलांतरित मजुरांच्या खोल्यांचा व्यवहार तर बहुधा तोंडी असतो. कागदच नसलेला भाडेकरू कोणत्या आधाराने दाद मागणार? हजारो मजूर गावाकडे चालत निघाले, त्यामागे मजुरी आणि रेशनइतकीच भाड्याचीही चिंता होती.

जे मुंबईत राहिले, त्यांच्या घरांचा परिणाम रक्तचाचणीत दिसला. जुलै २०२० मध्ये नीती आयोग, मुंबई महापालिका आणि टाटा मूलभूत संशोधन संस्था यांनी तीन प्रभागांत प्रतिपिंडांची पाहणी केली. झोपडपट्टीत ५७ टक्के लोकांमध्ये, तर झोपडपट्टीबाहेर १६ टक्के लोकांमध्ये प्रतिपिंडे आढळली. प्रभाग तेच, महिना तोच, विषाणूही तोच. फरक होता तो दाटीचा आणि सामाईक शौचालयांचा.

१८९७ चा कायदा आणि एक रिकामी जागा

मुंबईला हा अनुभव नवा नव्हता. १८९६ मध्ये मांडवीत प्लेगचे निदान झाले, तेव्हा दाट वस्तीची घरे हेच रोगाचे मूळ मानले गेले. राहण्यास अयोग्य ठरवलेल्या खोल्यांवर तशी अक्षरे रंगवली गेली, रहिवासी बाहेर काढले गेले. १८९८ मध्ये स्थापन झालेल्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने रुंद रस्ते आणले, बीआयटी चाळी बांधल्या. पण सुरुवातीच्या वर्षांत पाडकामाचा वेग बांधकामापेक्षा अधिक होता. हटवलेले गरीब भाडेकरू शेजारच्या वस्तीत गेले आणि तिथली दाटी वाढली.

त्याच प्लेगमधून १८९७ चा साथरोग कायदा जन्मला. करोनाकाळात तोच वापरला गेला. साथ आटोक्यात आणण्यासाठी सरकारला त्यात व्यापक अधिकार आहेत. भाडेकरूच्या छपराबद्दल मात्र एक शब्द नाही.

असा शब्द घालता येतो, हे २०२० नेच दाखवले. साथीच्या सुरुवातीला काही घरमालक डॉक्टर आणि परिचारिकांना खोली सोडायला सांगू लागले. एप्रिलमध्ये केंद्राने अध्यादेश काढून या कायद्यात दुरुस्ती केली आणि आरोग्य कर्मचाऱ्यांच्या राहण्याच्या परिस्थितीत बाधा आणणारा छळ दंडनीय ठरवला. एचआयव्हीबाबत तर २०१७ चाच कायदा आहे. बाधित व्यक्तीला घर भाड्याने नाकारणे किंवा त्या कारणाने घर सोडायला लावणे हा त्यानुसार भेदभाव ठरतो. म्हणजे डॉक्टरच्या आणि एचआयव्हीबाधिताच्या घराला कायद्याचे कवच आहे. क्षयरुग्णाच्या घराला तसे स्वतंत्र कवच नाही.

न संपलेली साथ

क्षयाची साथ मुंबईत कधी संपलेलीच नाही. उपचार किमान सहा महिन्यांचे, औषधांना न जुमानणाऱ्या क्षयात अनेकदा त्याहून लांब. या काळात पत्ता टिकणे हा उपचाराचाच भाग आहे. निक्षय पोषण योजनेत रुग्णाला आहारासाठी दरमहा १,००० रुपये मिळतात. भाड्यासाठी त्यात तरतूद नाही. काम सुटलेला रुग्ण ती रक्कम भाड्यात घालतो की ताटात, हा हिशेब त्याचा त्यानेच करायचा.

मात्र स्वस्त घर म्हणजे कसेही घर नव्हे. गोवंडी-मानखुर्द परिसरातील लल्लूभाई कंपाउंड आणि नटवर पारेख कंपाउंड या पुनर्वसन वसाहतींच्या २०१८ मधील अभ्यासात, एकमेकींना खेटून उभ्या इमारतींच्या खालच्या मजल्यांवर ऊन आणि वारा पोहोचत नसल्याचे आणि तिथे क्षयाचे प्रमाण अधिक असल्याचे दिसले. झोपडीतून पक्क्या घरात आलेल्या कुटुंबांना हवा मात्र मिळाली नाही.

मालकही हवाच

घरमालकांची बाजूही दुर्लक्षून चालणार नाही. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने जुनी भाडी गोठवली. भाडेकरूला सुरक्षा मिळाली, पण तुटपुंज्या भाड्यात दुरुस्ती परवडेना. गिरगाव-लालबागच्या अनेक चाळी त्यातूनच खचल्या आणि ओल धरलेली भिंतही आजारच देते. मालकाच्या खिशातून चालणारे संरक्षण फार काळ टिकत नाही.

म्हणून पुढच्या साथीआधी तीन गोष्टी व्हायला हव्यात. साथरोग कायदा लागू होताच भाडे थकल्याने घर रिकामे करून घेण्यावर ठरावीक मुदतीची स्थगिती आपोआप यावी, हे कायद्यातच लिहावे. थकलेल्या भाड्याचा काही वाटा सरकारने थेट मालकाला द्यावा. आणि खोलीचा व्यवहार कागदावर यावा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ नुसार करार लेखी आणि नोंदणीकृत करण्याची जबाबदारी मालकाचीच आहे. तो नसल्यास अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते. हे फार थोड्या भाडेकरूंना ठाऊक असते. आशासेविका ज्या घरांत गोळ्या पोहोचवतात, त्याच घरांत ही माहितीही पोहोचू शकते.

साथ आल्यावर रुग्णालयात खाटा वाढवता येतात, घरे रातोरात वाढवता येत नाहीत. ज्याच्याकडे भाड्याची का होईना, एक खोली आहे, त्याची ती खोली साथ ओसरेपर्यंत टिकवणे मात्र शक्य आहे आणि ते खाटांपेक्षा स्वस्तही पडेल.