शब्दांचा खेळ आणि मायेचा धागा

शब्दांच्या खेळाची गोडी एकदा बालपणी लागली की ती म्हातारपणीही सुटत नाही. सायंकाळची जपमाळ आटोपल्यावर ओसरीवर बसून आम्ही भेंड्या लावल्या. पुढे साप्ताहिकांतील शब्दकोडी पेन्सिलीने सोडविली. आणि आता तोच नाद मोबाइलवर पुरवीत आहोत. "यात कसला एवढा वेळ दवडता?" असे घरची मंडळी विचारतात. प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर देणे आम्हांस भाग आहे.

न्यूयॉर्कमध्ये आल्फ्रेड बट्स नावाचे एक वास्तुशिल्पज्ञ होते. महामंदीत, १९३१ साली, त्यांचे काम सुटले. खचून न जाता त्यांनी वर्तमानपत्रे पुढ्यात घेतली आणि कोणते इंग्रजी अक्षर किती वेळा येते ते मोजून काढले. त्या मोजदादीतून १०० सोंगट्यांचा खेळ सिद्ध झाला. पदोपदी लागणाऱ्या 'ई'च्या सोंगट्या १२, पण गुण एकेकच; क्वचित येणाऱ्या 'क्यू'ची सोंगटी एकच, पण तिला गुण १०! कारखानदारांनी हा खेळ नाकारला. तरीही बट्स आपली पत्नी नीना व शेजारीपाजारी यांच्यासह वस्तीतील मेथडिस्ट चर्चच्या सभागृहात तो खेळत राहिले. पुढे १९४८ साली जेम्स ब्रूनो यांनी त्याला 'स्क्रॅबल' हे नाव दिले आणि तो जगभर पसरला.

अलीकडचा 'वर्डल' हा खेळही असाच घरातून निघाला. जॉश वॉर्डल यांनी तो शब्दवेड्या जोडीदारासाठी, पलक शहा यांच्यासाठी, रचला. दिवसाला पाच अक्षरांचा एकच शब्द, तो ओळखण्याच्या संधी सहा. १ नोव्हेंबर २०२१ रोजी तो खेळणारे अवघे ९० जण होते. दोन महिन्यांत त्यांची संख्या तीन लाखांवर गेली.

फेब्रुवारी २०२२ मध्ये शिकागोजवळ ८० वर्षांच्या एका आजींना घरात घुसलेल्या अनोळखी इसमाने कोंडून ठेवले. या आजी रोज वर्डलचा निकाल दूर राहणाऱ्या मुलीला कळवीत असत. त्या दिवशी निकाल आला नाही. मुलीच्या मनात शंकेची पाल चुकचुकली, पोलिसांना वर्दी गेली आणि आजी सुखरूप सुटल्या.

वाचकहो, आपल्या कित्येक घरांतील मुले आज आखातात वा दूरच्या शहरांत आहेत. रोजच्या पत्राचा काळ सरला. पण खेळातला एक शब्द आईकडे रोज पोहोचत असेल, तर तो वेळ वाया गेला असे कोण म्हणेल? मात्र दूरच्यांशी खेळताना जवळची माणसे एकटी पडू नयेत, एवढे पथ्य हवे. प्रार्थनेच्या आणि जेवणाच्या वेळी मोबाइल बाजूला असावा. आणि आज रात्री, ताटे उचलल्यावर, कोपऱ्यात बसलेल्या आजीला एकदा विचारावे, "आजी, भेंड्या लावू या का?"