इंजिन बंद पडले तर समोरच उतरा

6 नोव्हेंबर 2014 च्या संध्याकाळी सुरत विमानतळावर दिल्लीला निघालेल्या बोइंग 737 च्या वाटेत म्हैस आली. विमान अजून धावपट्टीवरच होते, म्हणून ते थांबवता आले आणि सगळे प्रवासी सुखरूप राहिले. चाके जमिनीवरून सुटल्यानंतर मात्र थांबायची सोय उरत नाही. आणि विमानाला इंजिनच एक असेल तर?

हा प्रश्न सुरतकरांच्या रोजच्या प्रवासातला आहे. 2022 च्या जानेवारीपासून अमरेली, भावनगर, राजकोटकडे इथून नऊ आसनी सेस्ना कॅरॅव्हॅन उडू लागली. तिला एकच टर्बोप्रॉप इंजिन असते. ते अत्यंत भरवशाचे आहे, तरीही ते बंद पडले तर काय करायचे, हे वैमानिकाने उड्डाणाआधीच ठरवून ठेवलेले असते.

शिकाऊ वैमानिकांचे सेस्ना 172 घेऊ. जमिनीपासून 150 मीटरवर इंजिन बंद पडले. विमानाचे नाक अजून वर आहे आणि वेग झपाट्याने उतरतो आहे. पहिले काम नाक खाली करण्याचे. जमीन जवळ येत असताना हात नेमका उलट, स्टिअरिंग मागे ओढायला जातो. तसे केले की पंखावरून वाहणारी हवा पृष्ठभाग सोडते, उचल कोसळते. यालाच स्टॉल म्हणतात. नाक वेळेत खाली केले तर ताशी 120 किलोमीटरच्या आसपास वेग टिकतो आणि वारा शांत असेल तर विमान एक मीटर उतरताना सुमारे नऊ मीटर पुढे तरंगते. म्हणजे हाताशी साधारण 1,350 मीटर असतात.

तेवढ्यात मागे का वळू नये? 30 अंश कलून अर्धे वर्तुळ मारले तर विमान धावपट्टीच्या रेषेपासून सुमारे 400 मीटर बाजूला येते, म्हणजे पुन्हा वळणे आले. वळण आवळावे तर पंखांवरचा भार वाढतो. 45 अंशांवर स्टॉलचा वेग 19 टक्क्यांनी वाढतो, 60 अंशांवर 41 टक्क्यांनी. उंची संपत असताना ही वाढ जीवघेणी ठरते. म्हणून वैमानिक अशा मागे वळण्याला ‘इम्पॉसिबल टर्न’ म्हणतात. समोर, फार तर थोडे डावी-उजवीकडे, मोकळी जागा शोधून उतरणे, हाच शिकवलेला मार्ग.

शेतात उतरलेला माणूस वाचतो का? बऱ्याचदा वाचतो. ताशी 80 किलोमीटर वेगाने जमिनीला टेकलेले विमान तीन मीटरहूनही कमी अंतरात एकसारखे थांबले, तरी शरीरावरचा भार गुरुत्वाच्या नऊ पटींपुरता राहतो आणि पट्टे बांधलेल्या माणसाला तो सोसतो. वेग दुप्पट झाला की त्यासाठी अंतर चौपट लागते. वाचवतो तो ताब्यात ठेवलेला, कमी वेग. 25 जुलै 2022 रोजी बारामतीहून एकटीच निघालेल्या शिकाऊ वैमानिकेचे सेस्ना 152 इंदापूर तालुक्यात कडबनवाडीच्या शेतात पडले. विमान मोडले, ती किरकोळ जखमांवर बचावली.

इंजिन बंद पडूच नये याची काळजी जमिनीवर घेतली जाते. उड्डाणाआधी टाकीच्या तळातून थोडे निळसर पेट्रोल पारदर्शक पेल्यात काढून उजेडात धरतात. पाणी असेल तर ते तळाशी वेगळे दिसते. पावसाळ्यात ही तपासणी कधीही टाळू नये.

राहिली ती समोरची मोकळी जागा. सुरतच्या धावपट्टीचे एक टोक डुमसकडे, दुसरे वेसूकडे. वेसूकडच्या उंच इमारतींचा वाद वर्षानुवर्षे चालला आहे. तो केवळ मोठ्या विमानांच्या उतरण्यापुरता नाही. महापालिकेने आणि बिल्डरांनी धावपट्टीपुढची जमीन रिकामा प्लॉट समजू नये. ती विमानतळाइतकीच सांभाळावी.