कोवळीं झाडें आणि तणनाशक औषधें



पावसाळ्याच्या आरंभीं शाळेच्या आवारांत झाडें लावण्याची चाल आतां सर्वत्र रूढ झाली आहे. रोप लावणें सोपें, परंतु तें जगविणें कठीण. गुरें, शेळ्या, वाळवी व कडक उन्हाळा हे त्याचे जुने शत्रु सर्वांच्या परिचयाचे आहेत. पण एक नवा शत्रु असा आहे कीं, त्याला आपण स्वतःच नकळत रोपापाशीं आणून सोडतों. तो शत्रु म्हणजे तणनाशक औषध होय.

ही गोष्ट मला माझ्याच चुकीनें शिकावी लागली. मुलांनीं कुंपणालगत शेवग्याचीं व पेरूचीं मिळून बारा रोपें लाविलीं होतीं. श्रावणांत त्यांवर अळी पडली. निंबोळीचा अर्क फवारावा म्हणून मीं एका परिचित शेतकऱ्याचा पाठीवरचा पंप मागून आणिला, एकदां पाण्यानें विसळला आणि फवारणी केली. चार-पांच दिवसांत शेंडे वेडेवांकडे वळले, पानें वाटीसारखीं आकसलीं व कोवळे देंठ पिळल्यासारखे दिसूं लागले. आम्ही तो रोगच समजलों. पंप परत करितांना सहज चौकशी केली, तेव्हां कळलें कीं, त्याच पंपानें उसांतील तणावर २,४-डी नांवाचें औषध मारिलें होतें. बारांपैकीं पांच रोपें गेलीं. त्यांतील एका रोपाला आठवींतील एक मुलगा दिवाळीपर्यंत पाणी घालीत होता. तें मेलें आहे हें त्यास सांगण्याचा मला धीर झाला नाहीं.

असें कां व्हावें? वनस्पतीच्या अंगीं वाढीचें नियमन करणारें ऑक्सिन नांवाचें द्रव्य असतें. २,४-डी हें त्याचीच नक्कल करितें. त्यामुळें रुंद पानांच्या वनस्पतींची वाढ बेताल होऊन त्या मरतात. ऊस, ज्वारी यांसारखीं गवताच्या कुळांतील पिकें मात्र बहुधा तगून राहतात. आतां पेरू काय, शेवगा काय, किंवा द्राक्ष व कापूस काय, हीं सर्व रुंद पानांचींच. आपण ज्याला झाड म्हणतों आणि ज्याला तण म्हणतों, त्यांतील भेद औषधाला कळत नाहीं.

दुसरें औषध ग्लायफोसेट. हें १९७४ सालापासून बाजारांत आहे. वनस्पतीला आवश्यक असलेलीं कांहीं अमिनो आम्लें तयार होण्याची क्रिया तें बंद पाडतें. तें पानांतून शिरून मुळांपर्यंत उतरतें. मोठ्या झाडाची जाड साल त्याला सहसा आंत येऊं देत नाहीं. पण कोवळ्या रोपाची हिरवी साल पानासारखीच तें शोषून घेते. इजा पुष्कळदां उशिरां, पुढील पालवीच्या वेळीं प्रगट होते, व दोऱ्यासारखीं अरुंद पानें झुपक्यानें फुटतात. पॅराक्वाट हें तिसरें औषध जेथें पडेल तेथेंच, सूर्यप्रकाशांत, पान जाळतें. अ‍ॅट्राझीन व डाययुरॉन हीं मातींत राहून मुळांवाटे वर चढतात; म्हणून पानाला थेंबही न लागतां झाड पिवळें पडूं शकतें.

यावरून संरक्षणाचे उपाय आपोआप सुचतात. पहिला उपाय असा कीं, रोपाभोंवतीं निदान दीड हात अंतरापर्यंत औषध वापरूंच नये. तेथें खुरपें हेंच उत्तम साधन. खुरपणी झाल्यावर वाळलेल्या पाल्याचें चार बोटें जाड आच्छादन घालावें, मात्र तें खोडाला चिकटूं देऊं नये, नाहींतर साल कुजते. दुसरा उपाय, तणनाशकाचा पंप निराळा ठेवून त्यावर ठळक खूण करावी. तें अशक्य असेल तर टाकी, नळी व तोटी तीन वेळां धुवून, धुण्याच्या सोड्याचें पाणी रात्रभर भरून ठेवावें व पुनः धुवावें. इतकें करूनही कोवळ्या रोपांसाठीं तो पंप न वापरणें हेंच शहाणपणाचें.

तिसरा उपाय वाऱ्यासंबंधीं आहे. जोराच्या वाऱ्यांत फवारूं नये हें सर्वांस ठाऊक आहे; पण अगदीं निश्चल पहाटही फसवी असते, हें थोड्यांसच ठाऊक असतें. त्या वेळीं जमिनीलगतची हवा गार व वरची उबदार असल्यामुळें सूक्ष्म थेंब खालच्या थरांत तरंगत राहून दूरवर जातात. म्हणून ऊन्ह थोडें वर आल्यावर, रोपांकडून दूर वाहणारी मंद झुळूक पाहून, दाब कमी ठेवून मोठ्या थेंबांनीं व तोटी जमिनीलगत धरून फवारावें. भर दुपारीं मात्र फवारूं नये, कारण २,४-डीचे कांहीं प्रकार उन्हानें वाफ होऊन पसरतात. रोपावर तेवढा वेळ डबा किंवा गोणपाट झांकण्यास कांहींच खर्च येत नाहीं.

चुकून औषध उडालेंच तर तत्काळ भरपूर पाण्यानें रोप धुवावें. कांहीं तासांनीं धुण्याचा उपयोग फारसा राहत नाहीं. नंतर बेताचें पाणी द्यावें, खताचा मारा करूं नये, आणि उपटून टाकण्याची घाई न करितां पुढील पालवीची वाट पाहावी. आमच्या वांचलेल्या सात रोपांपैकीं दोन अशींच, मेलीं असें समजून सोडलेलीं, फाल्गुनांत फुटलीं.

पालकांस एक विनंती आहे. हीं औषधें मुलांच्या हातीं देऊं नयेत व पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलींत कधींही ओतून ठेवूं नयेत. पॅराक्वाट पोटांत गेल्यास त्यावर उतारा नाहीं. ग्लायफोसेटची फवारणी कीड-नियंत्रणाचा व्यवसाय करणाऱ्यांखेरीज इतरांनीं करूं नये, असा आदेश भारत सरकारनें ऑक्टोबर २०२२ मध्यें काढिला, यावरूनही या द्रव्यांचें गांभीर्य ध्यानांत यावें.

त्या मुलाला मीं पुढें खरी हकीकत सांगितली. तो थोडा वेळ गप्प राहिला व मग म्हणाला, "सर, मग त्या जागीं दुसरें लावूं, पण पंप मी धुईन." मृगाच्या पहिल्या पावसांत आम्हीं पेरूचें नवें रोप लाविलें. त्याच्या आळ्यांतील तण आतां तो आपल्या हातानें काढतो.