बिल फुगले, फोन बंद पडला, पुढे काय?



गेल्या भातकापणीच्या दिवसांत वडप्याच्या नाक्यावर एका शेतकऱ्याने मला मोबाइलचे बिल दाखवले. नेहमीच्या कितीतरी पट रक्कम! घाबरून त्याने पैसे भरले नाहीत आणि तक्रारही केली नाही. फोन बंद झाला. मळणीवाल्याचा निरोप नाही, बँकेचा संदेश नाही. पिकावर कीड दिसली की आपण लगेच उपाय करतो. बिलातली चूक मात्र अंगावर काढतो.

अहमदाबादच्या एका ग्राहकाने तसे केले नाही. त्याचे बिल महिन्याला सरासरी ५५५ रुपये. नोव्हेंबर-डिसेंबर २०१३ मधल्या एका महिन्याचे आले २४,६०९ रुपये ५१ पैसे! २०१४ साली तो ग्राहक मंचात गेला. कंपनी म्हणाली, १८८५ च्या तार कायद्याप्रमाणे हा वाद लवादाकडे जावा, मंचाला अधिकार नाही. २००९ साली केरळातल्या एका तोडलेल्या फोनच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानेही तसेच म्हटले होते. पण १६ फेब्रुवारी २०२२ रोजी त्याच न्यायालयाने ग्राहकाच्या बाजूने कौल दिला: मंचाकडे दाद मागता येईल. बिल चूक की बरोबर, हे त्या निकालात ठरले नाही. पण आपल्या सर्वांसाठी दार उघडे झाले.

तेव्हा अशी वेळ आल्यास एवढे करा.

१. कंपनीच्या तक्रार केंद्राला फोन करा. तक्रार क्रमांक तारखेसह वहीत लिहा. तपशीलवार बिल मागा आणि घरच्यांना जवळ बसवून ते ओळीओळीने तपासा. परदेशी फोन, न मागितलेली सेवा, जादा इंटरनेट यांवर खूण करा.

२. जेवढी रक्कम मान्य आहे तेवढी मुदतीत भरा. उरलेली मान्य नाही, हे लेखी कळवा. पावती जपा.

३. समाधान न झाल्यास ३० दिवसांत कंपनीच्याच अपील अधिकाऱ्याकडे जा. याला पैसे पडत नाहीत. निकाल ३९ दिवसांत मिळायला हवा.

४. तरीही न्याय न मिळाल्यास ठाण्याचा जिल्हा ग्राहक आयोग आहे. मुदत २ वर्षांची. ५ लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकीलही सक्तीचा नाही. निकाल लागेपर्यंत फोन चालू ठेवण्याचा अंतरिम आदेशही मागता येतो. सल्ल्यासाठी १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे.

त्या शेतकऱ्याकडे तक्रार क्रमांकच नव्हता. आम्ही माझ्या फोनवरून तिथेच तो घेतला आणि बिलाच्या पाठीवर लिहून ठेवला. तुम्हीही सुरुवात तिथूनच करा.